फलटण ते फ्लोरा फाउंटन : १९५७ च्या पराभवानंतर काँग्रेसची बदललेली भाषा

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याच्या मतदारांनी काकासाहेब गाडगिळांना घरी बसवले. गाडगीळ म्हणजे कोणी ऐरागैरा उमेदवार नव्हे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसलेले, आणि मुख्य म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची बाजू लोकसभेत पोटतिडकीने मांडणारे. हा प्रश्न सभागृहात सुटला नाही तर मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल, असा इशारा त्यांनी स्वपक्षाच्या सरकारला १९५५ साली दिला होता. तरीही ते पडले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या वतीने उभे असलेले प्रजासमाजवादी नानासाहेब गोरे निवडून आले.

उमेदवाराच्या मनात काय आहे, हे त्या वर्षी मतदाराने पाहिलेच नाही. त्याने पाहिली ती चिन्हाची बैलजोडी आणि त्या चिन्हामागे गेली दोन वर्षे ऐकू येणारी भाषा.

ती भाषा कशी होती? राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. त्याने विदर्भ वेगळा ठेवून उरलेल्या मराठी प्रदेशाला गुजरातसह एका द्विभाषिक राज्यात बसवले. त्यावर वादळ उठले असतानाच २० नोव्हेंबरला चौपाटीवरील सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणे नाही, अशा आशयाची भाषणे केली. सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला आणि पुन्हा गोळ्या चालल्या. आंदोलनातील मृतांची संख्या शंभरावर गेली. '१०५ हुतात्मे' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला तो कायमचा. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडले. काँग्रेसच्या व्यासपीठावरून मात्र राष्ट्रीय ऐक्य, शिस्त, मुंबईचे बहुभाषिक स्वरूप हेच शब्द येत राहिले. हे शब्द मुळात खोटे नव्हते. पण ज्या घरातून प्रेत निघाले त्या घरात ते उच्चारता येण्याजोगे नव्हते.

यशवंतराव चव्हाणांचे फलटणचे भाषण याच काळातले. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील मेळाव्यात त्यांनी सांगितले, की संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांतून एकाची निवड करण्याची वेळ आली तर ते नेहरूंना निवडतील. पक्षनिष्ठेचा यापेक्षा स्पष्ट उच्चार होणे नाही. दिल्लीत त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातही झाली, पण वेगळ्या वहीत.

ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने तिसराच तोडगा काढला : विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ आणि मुंबई मिळून एक विशाल द्विभाषिक राज्य. १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले, मोरारजी दिल्लीला गेले आणि त्रेचाळीस वर्षांचे यशवंतराव मुख्यमंत्री झाले. आता काँग्रेसकडे निदान एक युक्तिवाद होता. विदर्भ, मराठवाडा आणि मुंबईसह मराठी माणूस प्रथमच एका राज्यात आला आहे. गुजराती बांधव सोबत आहेत एवढेच. नकाशा समोर ठेवून विचार केला तर या म्हणण्यात तथ्य होते. पण निवडणूक नकाशा समोर ठेवून लढली जात नसते.

समितीकडे शाहीर होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचा डफ गिरणगावात आणि खेडोपाडी घुमत होता. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झाला आणि त्याच्या मथळ्यांपुढे काँग्रेसची पत्रके म्हणजे तहसील कचेरीतील जाहिरातीच वाटत. समितीत एस. एम. जोशी होते आणि डांगेही होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारी ही मंडळी एका मागणीखाली उभी होती.

निकाल आले तेव्हा ३९६ जागांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा होत्या. म्हणजे सत्ता राहिली. पण ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर. पश्चिम महाराष्ट्रात पक्षाचे पानिपत झाले. मुंबईत डांगे आणि नाशकात दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून निसटत्या मतांनी वाचले. मुख्यमंत्र्याला त्याच्याच मुलखाने नाकारावे आणि तरी त्याने राज्य करावे, अशी ही स्थिती. उघड पराभवापेक्षा ती अधिक अवघड होती, कारण विरोधी बाकांवर बसून विचार करण्याची सवलतही नव्हती.

येथून पुढची तीन वर्षे काँग्रेसच्या भाषेच्या इतिहासात अभ्यासण्याजोगी आहेत. पराभूत पक्षाची पहिली प्रतिक्रिया बहुधा 'आमचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचले नाही' अशी असते. १९५७ मध्ये ही पळवाट नव्हती. काँग्रेसचे म्हणणे लोकांपर्यंत नीट पोहोचले होते, आणि म्हणूनच लोकांनी ते फेटाळले होते. प्रचारक वाढवून, पत्रके सुधारून काही होणार नव्हते. मागणीच मान्य करावी लागणार होती. आणि ती मान्य करताना आपण शरण गेलो असे दिसू द्यायचे नव्हते.

या अर्थाने पहिली परीक्षा प्रतापगडावर झाली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी तेथे शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. नेहरूंच्या जुन्या लेखनातील महाराजांविषयीच्या काही विधानांवरून महाराष्ट्रात रोष होता. ती विधाने त्यांनी पुढे दुरुस्त केली होती, तरी सल गेला नव्हता. समितीने काळ्या निशाणांनी पंतप्रधानांचे स्वागत करायचे ठरवले. हजारो निदर्शक पसरणीच्या घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला जमले. दोन वर्षांपूर्वीचे सरकार असते तर त्या दिवशी काय घडले असते याची कल्पना करता येते. या वेळी गोळी चालली नाही. निदर्शकांनी निशाणे दाखवली, नेहरूंनी ती पाहिली, पुतळ्याचे अनावरण झाले. यशवंतरावांनी त्या दिवशी दोन गोष्टी साधल्या : महाराजांचे नाव एकट्या समितीचे राहिले नाही, आणि मराठी लोकमताचे आकारमान पंतप्रधानांच्या डोळ्यांसमोर आले. दुसरी गोष्ट त्यांनी मुद्दाम साधली की समितीने त्यांना साधून दिली, यावर दोन्ही बाजूंचे लोक पुढे आयुष्यभर वाद घालत राहिले.

दुसरा बदल कमी गाजलेला, पण खोल होता. समितीचे बळ ज्या समाजघटकांतून आले होते त्यांच्याशी सरकार थेट, कायद्याच्या भाषेत बोलू लागले. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह गावकीची कनिष्ठ वतने रद्द झाली. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या मागणीसाठी तीस वर्षे झगडा दिला ती त्यांच्या निधनानंतर पूर्ण झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाशी काँग्रेसचे पुढे जे नाते जुळले, त्याची एक वाट येथून जाते.

तिसरे काम दिल्लीत करायचे होते, आणि तेथे भावनेची भाषा चालणारी नव्हती. गुजरातेतही द्विभाषिकाविरुद्ध आग होतीच. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत गोळीबार झाला होता आणि महागुजरातचे नेते इंदुलाल याज्ञिक १९५७ मध्ये तेथूनच लोकसभेवर निवडून गेले होते. दोन्ही भाषक नाखूश असतील तर हे राज्य नेमके कोणासाठी, असा प्रश्न उभा राहिला. फलटणला नेहरूंची निवड केलेल्या माणसाने हा प्रश्न विचारणे आणि अत्र्यांनी विचारणे यांत फरक होता. १९५५ मध्ये ज्या निष्ठेने यशवंतरावांची महाराष्ट्रात बदनामी केली, तिचेच वजन १९५९ मध्ये दिल्लीत कामी आले. काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधींनी समिती नेमली आणि वर्षअखेरीस विभाजनाचा निर्णय पक्का झाला. बेळगाव, कारवार आणि डांग त्यात नव्हते.

मागणी मान्य झाली तेव्हा खरा पेच सुरू झाला. राज्य मिळवले कोणी? रस्त्यावर रक्त सांडले ते समितीच्या झेंड्याखाली. निर्णय झाला तो काँग्रेसच्या बैठकीत. या प्रश्नावर यशवंतरावांनी वाद घातलाच नाही. त्यांनी विषय बदलला. 'राज्य कसे मिळाले' याऐवजी 'राज्य कसे असेल' हे ते बोलू लागले, आणि त्या क्षणी समितीजवळ बोलायला काही उरले नाही, कारण तिच्या घटकपक्षांचे एकमत पहिल्या प्रश्नावर होते, दुसऱ्यावर नव्हते.

नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी विचारले, हे राज्य मराठी असणार की मराठा? १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे आद्य पुरस्कर्ते असे हे गृहस्थ. त्यांच्या शंकेला वजन होते. राज्य मराठी भाषकांचे असेल, असे यशवंतरावांनी निःसंदिग्धपणे सांगितले. सांगलीच्या भाषणातून त्यांनी कृषिऔद्योगिक समाजरचनेचे चित्र मांडले. सहकारी साखर कारखाना, पाटाचे पाणी, खेड्यातील शाळा हे शब्द राजकारणाच्या मध्यभागी आले. शिवनेरीवर सोहळा झाला, १ मे हा कामगारांचा दिवस राज्यस्थापनेसाठी निवडला गेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ आले, नवबौद्धांना सवलती आल्या, जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ मध्ये झाला. शेतकरी कामगार पक्षातील कार्यकर्त्यांना काँग्रेसचे दार उघडे होते आणि अनेक जण आत आले. 'बेरजेचे राजकारण' हा शब्द या काळापासून रूढ झाला. बेरजेत विरोधी पक्ष वजा होत गेला, हा त्या हिशेबाचा दुसरा स्तंभ. मराठा समाजाचे वर्चस्वही नाहीसे झाले नाही. साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांतून ते उलट घट्ट झाले, हे माडखोलकरांच्या प्रश्नाला काळाने दिलेले उत्तर.

मंगल कलश यशवंतरावांनी आणला, ही प्रतिमा याच दिवसांतली.

२१ नोव्हेंबर १९६१ रोजी, पहिल्या गोळीबाराला सहा वर्षे झाली त्या दिवशी, फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारकाचे अनावरण झाले. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. अनावरण केले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी. ज्या पक्षाच्या राजवटीत गोळ्या चालल्या, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याने गोळ्या झेललेल्यांना मानवंदना दिली. यात प्रायश्चित्त किती आणि हिशेब किती, हे वेगळे करता येत नाही.

तीन महिन्यांनी निवडणूक झाली. समितीचे प्रमुख घटक एव्हाना आपापल्या वाटेने गेले होते. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या. मुंबईत डांगे पडले. पुण्यातून या वेळी लोकसभेवर काँग्रेसचा उमेदवार गेला, आणि तो होता शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, शंकरराव मोरे.

नागपुरात मात्र नवी भाषा चालली नाही. १९५३ चा करार, हिवाळी अधिवेशन, संपूर्ण महाराष्ट्राचे अभिवचन, सारे सांगून झाले होते. तेथील मतदारांनी ऐंशी ओलांडलेल्या बापूजी अण्यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. त्यांची मागणी वेगळ्या विदर्भाची होती.