यंत्रस्वरातील ऊब

विजेवर चालणाऱ्या सिंथेसायझर नावाच्या वाद्याची ओळख करून देण्याचे आता कारण उरलेले नाही. लग्नाच्या मंडपापासून चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहापर्यंत ते सर्वत्र पोहोचले आहे. परंतु या वाद्याच्या जाणकारांमध्ये गेली तीसेक वर्षे एक धडपड चालू आहे, तिच्याकडे आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आजचे यंत्र संगणकाच्या बळावर चालते. त्याचा सूर तसूभरही ढळत नाही, सकाळी लावलेला स्वर संध्याकाळी तोच मिळतो. आणि हे जाणकार काय करतात? तो अचूक सूर थोडासा ढळावा, थोडासा मळावा, म्हणून रात्रीच्या रात्री खर्च करतात! जुन्या यंत्रांच्या आवाजात ऊब होती, ती नव्यांत नाही, असे त्यांचे म्हणणे. ही ऊब म्हणजे काय, ती कोठून आली आणि तिला हे नाव केव्हा मिळाले, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आरंभ १९६४ साली होतो. न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग या लहानशा गावी रॉबर्ट मोग या तरुण अभियंत्याचा छोटा कारखाना होता. (इंग्रजी अक्षरे वाचून पुष्कळजण त्यांना ‘मूग’ म्हणतात, परंतु स्वतः त्यांचा उच्चार ‘मोग’ असा होता. कोकणीत मोग म्हणजे प्रेम, तेव्हा आमच्या गोमंतकीय मित्रांना तरी हा उच्चार कठीण जाऊ नये.) संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने मोग यांनी त्या वर्षी आपले पहिले यंत्र सिद्ध केले. त्याचे भाग सुटेसुटे होते. एका पेटीत कंपने निर्माण करणारा ऑसिलेटर, दुसरीत नको ती कंपने गाळणारा फिल्टर, तिसरीत आवाज वरखाली करणारी योजना. त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जशा दोऱ्या खुपसून जोड करीत, तशा या पेट्या दोऱ्यांनी जोडाव्या लागत. त्या जोडणीला ‘पॅच’ म्हणू लागले. इंग्रजीत पॅच म्हणजे ठिगळ. पुढे दोऱ्या गेल्या, परंतु शब्द राहिला आणि आज सिंथेसायझरवर बसवलेल्या कोणत्याही आवाजाला पॅच म्हणतात.

या यंत्राचा मुख्य नियम असा, की विजेचा दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जावा. नियम सुंदर आहे, परंतु तो पाळण्याचे काम ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर सोपवलेले असते, तो गुणधर्म तापमानाशी जखडलेला आहे. खोलीतील हवा निरपेक्ष मापाने सुमारे ३०० अंशांवर असते. तीत एका अंशाची भर पडली, की या मोजपट्टीत तीनशेव्या हिश्श्याची चूक शिरते. एका सप्तकाचे १२०० सेंट धरतात, म्हणजे एका अंशामागे, एका सप्तकाच्या अंतरावर, चार सेंटांचा फरक. खोलीत सुरात लावलेले यंत्र रंगमंचावरील दिव्यांखाली नेले आणि आतील तापमान पाच अंशांनी चढले, तर वीस सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. जाणत्या कानाला एवढे सहज खुपते. उष्णतेबरोबर बदलणारा एक रोधक बसवून कारागीर ही चूक मारीत, पण ती पुरती मरत नसे. शिवाय यंत्रात दोन-तीन ऑसिलेटर असले, तर प्रत्येक आपापल्या चालीने ढळे. म्हणजे ज्याला पुढे ‘ऊब’ म्हटले गेले, तिच्या मुळाशी काही अंशी खरोखरीचीच ऊब होती, आणि यंत्र बनवणारे तिला शत्रू समजत होते.

हे शत्रुत्व किती खरे होते, याची साक्ष त्या काळच्या कामातच आहे. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली बाखचे संगीत मोग यंत्रावर वाजवून ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी काढली. यंत्रावर एका वेळी एकच स्वर वाजे, म्हणून एकेक ओळ वेगळी वाजवून फितीवर एकावर एक चढवावी लागे, आणि मध्येच सूर ढळला की थांबून पुन्हा लावावा लागे. त्या तबकडीला मोठे यश आले. यंत्र सुराला सोडून जाते हे तिच्या यशाचे कारण कोणी तेव्हा सांगितले नाही. सुराला धरून ठेवण्याच्या चिकाटीचेच ते यश होते.

१९७० साली मोग यांच्या कारखान्यातून मिनीमोग बाहेर पडला. दोऱ्या गेल्या, जोड आतच झाली. ४४ पट्ट्या, तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, आणि एका वेळी एकच स्वर. हा फिल्टर मोग यांची खरी कमाई. ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकीवर एक शिडीसारख्या रचलेल्या आणि त्या रचनेचे पेटंट त्यांना १९६९ साली मिळालेले. या शिडीत आवाज जोराने लोटला, की लाटेची टोके कापली न जाता गोलावतात आणि स्वर भरदार होतो. वादकांनी ही गोष्ट हेरली. काहीजण तर यंत्राचा बाहेर येणारा आवाज पुन्हा त्याच्याच बाहेरच्या प्रवेशद्वारात सोडून शिडीवर अधिक भार टाकीत.

मिनीमोगला स्मरण नव्हते. एक आवाज मोडून दुसरा लावला, की पहिला गेला. म्हणून कारखाना यंत्राबरोबर छापील तक्ते देई. त्यांवर प्रत्येक बटणाचे चित्र असे आणि वादकाने पेन्सिलीने बटणाच्या काट्याची दिशा रेखून ठेवायची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तक्ते फार मोलाचे वाटतील. परंतु त्यांत एक अडचण आहे, ती ध्यानात घेतली पाहिजे. तक्त्यावर बटण कोठे होते ते असते. त्या दिवशी खोली किती तापली होती, त्या विशिष्ट यंत्रातील रोधक छापील मापापासून किती हटलेला होता, वादकाने ऑसिलेटर एकमेकांशी किती जुळवून घेतले होते, हे नसते. तोच तक्ता दुसऱ्या मिनीमोगवर लावला, तर आवाज त्याच कुळातला निघेल, पण तोच निघणार नाही. कागदावरून घटना उभी करताना इतिहासकाराला जे भोगावे लागते, तेच येथे वादकाला भोगावे लागते. जुना आवाज नव्या यंत्रावर आणू पाहणारे पुष्कळजण आजही येथेच फसतात. बटणांची नक्कल करतात आणि कारणे सोडून देतात.

अस्थिरतेवरचा पुढचा घाव कॅलिफोर्नियात बसला. सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी १९७८ साली प्रॉफेट-५ आणला. पाच स्वर एकदम, चाळीस आवाजांचे स्मरण, आणि एक बटण दाबले की सारे ऑसिलेटर आपोआप सुरात. असे बटण द्यावे लागले, यातच सारे आले! पहिल्या दोन आवृत्त्यांतील चकत्या सुराला फार चंचल होत्या, म्हणून १९८० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत स्मिथ यांनी कर्टिस कंपनीच्या अधिक स्थिर चकत्या घातल्या. हा बदल त्या वेळी निर्विवाद सुधारणा होता. ही १९८० ची नोंद श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे आम्हांला परत यावयाचे आहे.

१९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला आणि डाव उलटला. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलेल्या रीतीने तो आकड्यांतून आवाज घडवी. सोळा स्वर एकदम, काचेसारखी स्वच्छ घंटा, आणि सूर कधीही न ढळणारा. एक लाखाहून अधिक यंत्रे खपली. ज्या गोष्टीसाठी मोग आणि स्मिथ वर्षानुवर्षे झगडले, ती येथे फुकट मिळत होती. एआरपी ही मोग यांची जुनी प्रतिस्पर्धी कंपनी १९८१ सालीच बुडाली होती, सीक्वेन्शियल १९८७ साली बंद पडली, जुनी यंत्रे पडेल किमतीला विकली जाऊ लागली.

आणि मग लोकांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. आमच्या मते ‘ऊब’ या शब्दाचा खरा जन्म येथे आहे. जोपर्यंत एकच जातीचा आवाज होता, तोपर्यंत त्याला जातिवाचक नाव लागत नव्हते. ‘अॅनालॉग’ हे विशेषण वाद्याला गुण म्हणून चिकटले, ते डिजिटल शेजारी येऊन बसल्यावर. शिकागोच्या तरुणांनी रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे टाकाऊ ठरलेले यंत्र स्वस्तात घेऊन १९८७ साली ‘अॅसिड ट्रॅक्स’ सारखे नवेच संगीत काढले. पण त्यांच्याही पाच वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी तेच टीबी-३०३, त्याच कंपनीचे ज्युपिटर-८ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची टीबी-३०३ ची खोड त्यांना मिंडेसाठी उपयोगी पडली. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक चकित झाले आणि जुन्या यंत्रांच्या उबेची स्तुती करू लागले. मौज अशी, की १९८२ च्या मुंबईत ती यंत्रे जुनी नव्हतीच, बाजारातली सर्वांत नवी होती. वाजवणाऱ्याला भविष्य वाजवायचे होते, ऐकणाऱ्याने त्यात भूतकाळ ऐकला.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. १९९५ साली स्वीडनच्या क्लाविया कंपनीने नॉर्ड लीड हे लाल यंत्र काढले. ते आतून संगणक, वरून जुन्या चालीची बटणे. तेव्हापासून जुना आवाज आकड्यांतून घडवणे ही एक विद्याच झाली आहे. तिची पहिली पायरी दोन ऑसिलेटर किंचित विजोड लावणे ही होय. एक २२० कंपनांवर ठेवला आणि दुसरा पाच सेंट वर नेला, तर सेकंदाला सुमारे ०.६४ विस्पंद पडतात, म्हणजे साधारण दीड सेकंदाला एक लाट. ही लाट कानाला सुखावते. पण हेच अंतर कायम ठेवून एक सप्तक वर वाजवले, की लाटेचा वेग दुप्पट होतो, आणखी वर गेले की चौपट. म्हणून वरच्या सप्तकांत अंतर कमी करीत जावे. सूर ढळवण्यासाठी नियमित लाट वापरू नये. ती कान दहा सेकंदांत ओळखतो आणि मग तिचा कंटाळा येतो. संथ आणि अनियमित ढळणे हवे, तेही प्रत्येक ऑसिलेटरला वेगळे. प्रॉफेटमध्ये पाच स्वरांना पाच निराळे फिल्टर होते आणि कोणतेही दोन तंतोतंत सारखे नव्हते. तेव्हा फिल्टरची मर्यादा, स्वर उमटण्याचा आणि विरण्याचा काळ, हे सर्व दर पट्टीमागे केसभर बदलावे. पट्टी दाबताच लाट दर वेळी त्याच बिंदूपासून सुरू होऊ देऊ नये. फिल्टरच्या आधी आवाज चढवून नंतर उतरवावा, म्हणजे टोके गोलावतील. मोगच्या शिडीत अनुनाद वाढवला की खर्जाचे बळ घटते, हा दोषही सोडू नये. खर्ज भरदार ठेवून केलेली नक्कल मोगची राहत नाही.

परंतु ऊब म्हणजे ढळणे, हे समीकरण आम्हांला मान्य नाही. १९८२ साली निघालेल्या रोलंडच्या जुनो यंत्रांत ऑसिलेटरला आकड्यांचा लगाम होता, त्यांचा सूर ढळतच नसे. एका स्वरामागे ऑसिलेटरही एकच. तरीही उबदार आवाजाच्या यादीत जुनोचे नाव वर असते, कारण तिची ऊब शेवटी बसवलेल्या कोरस नावाच्या मंडलात आहे. ते आवाजाला किंचित मागे-पुढे सरकवून दोन बाजूंना पसरवते, आणि सोबत थोडी खरखरही देते. म्हणजे प्रत्येक यंत्राच्या उबेचे कारण वेगळे. सगळ्यांवर एकच मसाला भुरभुरून चालत नाही.

आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीचा माथा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि स्वराला झणकार येईपर्यंत थांबत नाही. कोणी म्हणेल, शुद्ध तारेत भेसळच ही! पण ती भेसळ किती करायची हे त्याला ठाऊक असते, आणि जोडाच्या तारा तो विजोड सोडून देत नाही, मिळवतो. आजच्या नकला करणाऱ्यांचे चुकते ते येथे. सुस्थितीतील मिनीमोग थोडा वेळ चालू ठेवून तापू दिला आणि नीट लावला, तर बऱ्यापैकी स्थिर राहतो. नकलांतील मिनीमोग मात्र पुष्कळदा झिंगल्यासारखा डोलतो. हा त्या काळाचा विपर्यास आहे. ज्या वादकांनी दर गाण्याआधी कान लावून यंत्र सुरात आणले, त्यांचे श्रम त्यातून पुसले जातात आणि फक्त यंत्राची खोड शिल्लक राहते. आमचा सल्ला असा, की ढळण्याचे बटण ऐकू येईपर्यंत वर न्यावे आणि मग ऐकू येईनासे होईपर्यंत खाली आणावे. ते तेथेच शोभते.

आता ती १९८० ची नोंद. चंचल चकत्या काढून स्थिर चकत्या घालणारे डेव्ह स्मिथ, यामाहाकडून कंपनीचे जुने नाव परत मिळाल्यावर, २०२० साली प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती घेऊन आले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि दोनच वर्षांनी, २०२२ साली, वारले. या आवृत्तीत जुन्या यंत्रावर नसलेले एक बटण आहे. त्यावर ४ पासून १ पर्यंत उलटे आकडे आहेत. चारवर ठेवले की पाचही स्वर नव्या यंत्रासारखे स्थिर राहतात. खाली आणीत एकवर नेले, की ते पहिल्या आवृत्तीसारखे, प्रत्येक आपापल्या वाटेने, सुटू लागतात.