भिंतीवाचून तुरुंग

तुरुंग म्हटला की उंच भिंती, लोखंडी गज आणि बंदूकधारी पहारेकरी डोळ्यांसमोर उभे राहतात. मुदत संपली की दरवाजा उघडतो आणि कैदी बाहेर पडतो. पण तो जातो कोठे? दहा-बारा वर्षांत शेत दुसऱ्याच्या वहिवाटीला गेलेले असते, हातचे कसब उतरलेले असते, मुलांना बापाचा चेहरा आठवत नसतो. न्यायालयाने दिलेली शिक्षा संपते त्याच दिवशी समाजाने दिलेली शिक्षा सुरू होते. या दुसऱ्या शिक्षेवर उपाय शोधण्याचा एक धाडसी प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वी एका लहानशा मराठी संस्थानात झाला.

ते संस्थान म्हणजे औंध. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना स्वीकारली. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांचे स्नेही मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे अभियंते. गांधीविचाराने भारावून ते ‘भारतानंद’ झाले होते. गुन्हा हा रोग आहे आणि तुरुंगाचे रूप रुग्णालयासारखे असावे, ही गांधीजींची धारणा त्यांना कृतीत आणायची होती. त्यांच्या आग्रहातून आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तेथे कुटुंबासह राहू लागले, जमीन कसू लागले. भोवती तट नव्हता. पळून जाण्यास वाट मोकळी होती आणि राहण्यास कारण होते.

याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमीन फुलवणाऱ्या जेलरची ही गोष्ट बर्लिनच्या महोत्सवातही गौरवली गेली. स्वतंत्रपुराचे नाव फारसे न ऐकलेल्या लाखो भारतीयांपर्यंत त्यामागचा विचार पडद्यावरून पोहोचला.

दरम्यान उत्तर भारतात अशाच विचाराने काम सुरू झाले होते. काशी विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. संपूर्णानंद उत्तर प्रदेशाच्या शासनात असताना, 1952 मध्ये, चकियाजवळ चंद्रप्रभा नदीवरील धरणाच्या कामासाठी कैद्यांचे खुले शिबिर उभारण्यात आले. कैद्यांना कामाची मजुरी मिळत असे, हे त्यातले महत्त्वाचे पाऊल होते. बंदिवासात मिळवलेला पैसा घरी पाठवता आला की घराशी असलेला धागा तुटत नाही. पुढे संपूर्णानंद राजस्थानचे राज्यपाल झाले आणि 1963 मध्ये जयपूरजवळ सांगानेर येथे त्यांच्या नावाचे खुले शिबिर सुरू झाले. तेथील कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन स्वतःची उपजीविका स्वतः मिळवतात आणि ठरलेल्या वेळी हजेरीला परततात. ही शिक्षाच आहे. फरक इतकाच की ती भोगत असताना माणूस कमावता, पिता आणि शेजारी राहतो.

चंबळच्या खोऱ्यात या विचाराची सर्वांत कठीण परीक्षा झाली. 1960 मध्ये विनोबा भावे भिंड-मुरैना भागात पायी फिरले, तेव्हा शिक्षामाफीचे कोणतेही आश्वासन नसताना वीस बागींनी शस्त्रे खाली ठेवली. 1972 च्या एप्रिलमध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने माधोसिंह, मोहरसिंह यांच्यासह अनेकांनी आत्मसमर्पण केले. खटले चालले, शिक्षाही झाल्या. त्यांतील अनेकांसाठी मध्य प्रदेशातील मुंगावली येथे 1973 मध्ये खुला तुरुंग सुरू झाला.

येथे एक प्रश्न टाळून चालत नाही. ज्यांच्या घरातले कर्ते पुरुष या टोळ्यांनी मारले, त्यांना हे औदार्य कसे वाटले असेल? त्यांचे दुःख कोणत्याही शिबिराने भरून निघत नाही आणि कोणालाही क्षमा करण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. म्हणूनच खुल्या तुरुंगाचा अर्थ गुन्हा विसरणे असा होत नाही. सामान्यतः शिक्षेचा काही भाग बंद तुरुंगात काढलेल्या आणि वर्तनाने विश्वास मिळवलेल्या कैद्यालाच तेथे प्रवेश मिळतो. आणखी एका घरावर तसेच दुःख कोसळू नये, यासाठी परतणारा माणूस पुन्हा त्या वाटेला लागू नये, ही काळजी घेण्याची ही रीत आहे.

न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1983 च्या अहवालात खुल्या तुरुंगांचा पुरस्कार केला. तरीही आजवर देशातील बहुसंख्य कैदी बंद भिंतींआडच राहिले आहेत. भिंत पाडण्यास शासनाचा एक आदेश पुरतो. पण सुटून आलेल्या माणसाला काम देणारा मालक, घर भाड्याने देणारा घरमालक आणि त्याच्या मुलाला आपल्या मुलाशेजारी बाकावर बसू देणारा पालक कोणत्याही आदेशाने निर्माण होत नाही. औंधच्या माळावर सुरू झालेल्या कामाचा अर्धा वाटा शासनाचा होता. उरलेला अर्धा तेव्हाही समाजाचा होता, आणि आजही त्याच्याकडेच बाकी आहे.