शीर्षकातला 'धोका' डेटात होता का? मॅरेथॉन, पाणी आणि एका पेपरची गोष्ट



आज आधी माझी एक चूक सांगते, मग इतिहासाकडे वळू. सिनॉप्सिस लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं: 'मॅरेथॉनमध्ये कमी पाणी पिणं धोकादायक असतं, हे १९६९ मध्ये सिद्ध झालं.' वाक्याखाली विंडहॅम आणि स्ट्रायडम यांच्या पेपरचा संदर्भ दिला होता. पेपर मी वाचला नव्हता. तीन-चार रिव्ह्यू लेखांत तो तसाच दिलेला दिसला, म्हणून मीही दिला. गाईड मॅडमनी पेन्सिलने समासात एवढंच लिहिलं, 'हा धोका त्यांनी मोजला कसा?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग पेपर शोधला, वाचला, आणि त्याच्या मागेपुढे काय घडलं ते वाचत गेले. तुमच्यापैकी जे पेट देऊन आता विषय शोधताय किंवा लिटरेचर रिव्ह्यूला बसलाय, त्यांच्यासाठी हा इतिहास मुद्दाम लिहितेय. कारण इथे एका संदर्भाचा परिणाम थेट माणसांच्या जिवावर झाला.

पाणी न पिण्याचा काळ

सुरुवात १९०४ पासून करू. अमेरिकेत सेंट लुईसला ऑलिंपिक होतं. ३० ऑगस्टच्या दुपारी मॅरेथॉन सुटली. ऊन कडक, तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर, रस्ते मातीचे, आणि पुढे चाललेल्या मोटारींची धूळ थेट धावणाऱ्यांच्या तोंडावर. वाटेत पाणी मिळायची सोय जेमतेम दोन ठिकाणी. ३२ जण धावले, १४ जण पोहोचले. विजेता ठरलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत पाणी प्यायला दिलं नाही, ओल्या स्पंजने फक्त तोंड पुसलं. दिलं काय, तर अंड्याच्या पांढऱ्यात मिसळून स्ट्रिकनीन, आणि वर ब्रँडी! आज स्ट्रिकनीन आपण उंदराचं विष म्हणून ओळखतो.

हे वाचून हसू येतं, पण त्या काळची समजूत तशीच होती. धावताना पाणी प्यायलं की पोट जड होतं, दम लागतो, खरा धावपटू पाण्याशिवाय धावतो. ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. म्हणजे 'पाणी प्या' हा सल्ला मुळात एका चुकीच्या समजुतीला दिलेलं उत्तर होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

खाणीतून आलेलं ज्ञान

उष्णतेत काम करणाऱ्या शरीराचा अभ्यास खेळाच्या मैदानावर फारसा झाला नव्हता. तो झाला सैन्यात आणि खाणींत. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी फार खोल. जितकं खाली जावं तितका खडक गरम, आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. तिथे मजूर उष्माघाताने मरत होते. मजूर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, दूरवरून कंत्राटावर आणलेले. १९३० च्या दशकापासून त्यांना उष्णतेची सवय लावण्याच्या पद्धती शोधल्या गेल्या. गरम खोलीत ठरावीक काम करून घ्यायचं आणि शरीराचं तापमान मोजायचं. यातून मृत्यू कमी झाले हे खरं. पण हे संशोधन खाण चालू राहावी म्हणून होतं आणि ज्यांच्यावर झालं त्यांना नाही म्हणायची फारशी सोय नव्हती, हेही तितकंच खरं. तुम्ही कुठलाही जुना शरीरक्रियाशास्त्रीय डेटा वापरताना तो कोणाच्या शरीरातून आला, एवढं तरी एकदा विचारा.

सिरिल विंडहॅम आणि निकोलस स्ट्रायडम हे जोहान्सबर्गच्या याच खाण-संशोधनातले शास्त्रज्ञ. तेच पुढे धावपटूंकडे वळले.

१९६९ चा पेपर

दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या या पेपरच्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा: 'मॅरेथॉन धावताना अपुरं पाणी पिण्याचा धोका'. अभ्यास साधा होता. ३२ किलोमीटरच्या शर्यतींतल्या धावपटूंची आधी आणि नंतर वजनं घेतली, शर्यत संपल्यावर गुदाशयातलं तापमान मोजलं. निष्कर्ष असा की शरीरातलं पाणी वजनाच्या सुमारे ३ टक्क्यांहून जास्त घटलं, तर जितकी घट मोठी तितकं तापमान जास्त.

आता मॅडमचा प्रश्न पुन्हा वाचा. धोका मोजला कसा? उत्तर: मोजलाच नाही. मोजलं वजन आणि तापमान. कमी पाणी प्यायल्यामुळे कोण आजारी पडतं, याची तुलना त्या अभ्यासात नव्हती. एका गटाला पाणी आणि दुसऱ्याला कमी पाणी, असा प्रयोगही नव्हता. दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या, एवढंच.

आणि इथे तिसरी गोष्ट लपलेली असू शकते. जो जोरात धावतो त्याचे स्नायू जास्त उष्णता तयार करतात, म्हणून त्याचं तापमान जास्त. त्यालाच घामही जास्त, म्हणून त्याचं वजनही जास्त घटतं. म्हणजे वेग हे दोन्हींचं कारण असू शकतं. याच्या दोनच वर्षं आधी, १९६७ मध्ये, ब्रिटनमध्ये ग्रिफिथ प्यू आणि सहकाऱ्यांनी मॅरेथॉनपटूंचा अभ्यास छापला होता (हे प्यू म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ). त्यात शर्यत जिंकणाऱ्याचंच तापमान ४१ अंशांच्या वर गेलेलं होतं, आणि वजनही भरपूर घटलं होतं. तो तर पहिला आला होता!

पेपर वाईट होता असं मी म्हणत नाही. त्या काळच्या 'पाणी पिऊ नका' या खुळाला तो आवश्यक धक्का होता. पण पुढे तो वाचण्यापेक्षा उद्धृत जास्त झाला असावा. शीर्षकातला 'धोका' पुढच्या लेखात 'सिद्ध झालेला धोका' होतो, त्याच्या पुढच्यात 'सर्वज्ञात धोका' होतो. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या टोकाला

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल संघासाठी मीठ-साखरेचं पेय बनवलं, तेच गेटोरेड. त्यातून मोठा धंदा उभा राहिला. पुढे कंपनीची स्वतःची संशोधन संस्था आली आणि क्रीडावैद्यकाच्या परिषदांना पैसा मिळू लागला. 'तहान लागेपर्यंत थांबू नका' हे वाक्य आपणही शाळेत ऐकलंय, नाही का?

१९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शक भूमिकेत सल्ला आला: घामातून जाणारं सगळं पाणी भरून काढा, किंवा सोसेल तितकं जास्तीत जास्त प्या. आकडा होता तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर.

पण तोपर्यंत वेगळी लक्षणं दिसायला लागून पंधरा वर्षं झाली होती.

कॉम्रेड्समधली रुग्ण

दक्षिण आफ्रिकेत दरबान ते पीटरमारित्झबर्ग अशी कॉम्रेड्स ही साधारण ९० किलोमीटरची शर्यत १९२१ पासून होते. १९८१ च्या शर्यतीत एक महिला शेवटचे वीसेक किलोमीटर बाकी असताना बेशुद्धीच्या वाटेवर गेली. रक्त तपासलं तर सोडियम ११५. नेहमीचं प्रमाण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. तिने रस्ताभर सांगितल्याप्रमाणे पाणी प्यायलं होतं. अडचण कमी पाण्याची नसून जास्त पाण्याची होती.

ही केस केप टाउनचे डॉक्टर टिम नोक्स यांच्यापर्यंत पोहोचली. गंमत म्हणजे नोक्स स्वतः तोवर धावपटूंना 'जास्त पाणी प्या' असंच सांगत होते. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा चार रुग्णांचा पेपर छापला. सगळे ७ तासांहून जास्त चालणाऱ्या स्पर्धांतले. शीर्षकात त्यांनी पाण्याची विषबाधा ही 'शक्य असलेली' गुंतागुंत म्हटली. 'शक्य' हा शब्द बघा. चार रुग्णांवर तेवढंच म्हणता येतं.

गणित करून बघू. हळू धावणारी व्यक्ती, पाच तास शर्यतीत. घाम तासाला ६०० मिलिलिटर, म्हणजे एकूण ३ लिटर. ती प्रत्येक थांब्यावर पिते, तासाला एक लिटर, एकूण ५ लिटर. उरले २ लिटर. एरवी किडनी हे सहज बाहेर टाकते. पण लांब श्रमात अनेकांच्या शरीरात पाणी रोखणारं संप्रेरक चालूच राहतं, त्यामुळे लघवी होत नाही. रक्त पातळ होतं, पेशी पाणी ओढून फुगतात. हात फुगला तर अंगठी घट्ट होते, पण मेंदू कवटीत बंद असतो. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, झटके, आणि शेवटी मृत्यूही.

इथे खरा पेच बघा. गोंधळलेला, कोसळलेला धावपटू समोर आहे. तंबूतल्या डॉक्टरला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो साधं सलाइन लावतो. रुग्णाला मुळात पाणी जास्त झालं असेल तर हा उपचारच त्याला मारू शकतो. त्याला हवं असतं थोडंसंच, पण तिप्पट खारट, ३ टक्क्यांचं सलाइन. म्हणून आधी सोडियम मोजायचं. म्हणजे कारण कुठलं, हा वाद फक्त सेमिनारमधला नव्हता.

दोन कल्पना, एक चाचणी

काही डॉक्टरांचं म्हणणं होतं की घामातून मीठ गेल्यामुळे सोडियम उतरतं. नोक्स म्हणत होते, पाणी साचल्यामुळे. दोन्ही कल्पना रक्तातला एकच आकडा समजावून सांगतात. मग निवड कशी करायची?

१९८८ च्या कॉम्रेड्समध्ये सोडियम उतरलेले ८ धावपटू दवाखान्यात आले. संशोधकांनी ते बरे होईपर्यंत आत काय जातं आणि लघवीतून काय बाहेर येतं, ते सगळं मोजलं. मीठ गेलं असेल तर शरीर मीठ धरून ठेवेल. पाणी साचलं असेल तर पाणी बाहेर टाकेल. आठही जणांनी जादा पाणी बाहेर टाकलं, आणि त्यांची मिठाची तूट इतर निरोगी धावपटूंपेक्षा मोठी निघाली नाही. हा अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. फक्त आठ जण, पण प्रश्न नेमका. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वात आवडतं काम वाटतं.

न्यूझीलंडमध्ये डेल स्पीडी यांनी पुढची पायरी गाठली. १९९७ च्या आयर्नमन स्पर्धेत तपासलेल्या ३३० जणांपैकी ५८ जणांचं, म्हणजे १८ टक्क्यांचं, सोडियम कमी निघालं. पुढच्या वर्षी आयोजकांनी पाण्याचे थांबेच लांब लांब ठेवले: सायकलच्या टप्प्यात १२ ऐवजी २० किलोमीटरवर. स्पर्धकांना जास्त न पिण्याबद्दल समजावलंही. सोडियम उतरल्यामुळे उपचार लागणारे २५ होते, ते ४ वर आले.

सल्ला बदलायला किती वेळ लागला?

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका २८ वर्षांच्या धावपटू महिलेचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीत ४८८ जणांचं रक्त तपासलं गेलं होतं. २००५ मध्ये निकाल आला: १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं. सर्वात ठळक संबंध होता तो शर्यतीत वजन वाढण्याशी. आपण ४२ किलोमीटर धावून वजन वाढवून घेतो, याचा अर्थ सरळ आहे. त्याच वर्षी केप टाउनला तज्ज्ञांची पहिली एकमत परिषद झाली, आणि २००७ मध्ये अमेरिकन कॉलेजने आपली भूमिका बदलून जास्त पिण्याचाही इशारा दिला.

१९८५ ते २००७. बावीस वर्षं.

आता दुसऱ्या टोकाला उडी मारू नका. उष्माघात खरा आहे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर फारच खरा. पाणी तोडणं हा यातून निघणारा धडा अजिबात नाही. सुटतो तो एवढाच की पाणी हे उष्माघातावरचं चिलखत नाही, कारण जोरात धावणारा भरपूर पाणी पिऊनही तापू शकतो. बहुतेकांसाठी आजचा सल्ला साधा: तहान लागली की प्या. अजून वादही संपलेले नाहीत. वजन २ टक्क्यांहून जास्त घटलं की कामगिरी किती बिघडते, शरीरातलं साठलेलं सोडियम नेमकी काय भूमिका करतं, यावर भांडणं चालूच आहेत. तिथे तुमच्यासाठी विषय पडलेले आहेत.

तुमच्या वहीसाठी

एक, संदर्भ द्यायच्या आधी मूळ पेपरच्या पद्धती आणि निकालाचे विभाग वाचा, शीर्षक आणि सारांश पुरेसे नाहीत. दोन, शीर्षकातला मुख्य शब्द घ्या आणि तो कुठल्या तक्त्यात मोजलाय ते बोट ठेवून शोधा. तीन, दोन गोष्टी एकत्र वाढत असतील तर दोन्हींना हलवणारी तिसरी कोण, ते लिहून काढा. चार, दोन कल्पना भांडत असतील तर त्या कुठे वेगळं भाकीत करतात ते शोधा, आठ रुग्णही पुरतात. पाच, पैसा कुठून आला ते बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका.

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: '१९६९ च्या अभ्यासात पाण्याची मोठी घट आणि शर्यतीनंतरचं तापमान यांत संबंध दिसला, आजाराचा धोका त्यात तपासलेला नव्हता.' वाक्य लांबलंय आणि पूर्वीइतकं जोरदार वाटत नाही. मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही.