एकसष्टचे कोडे आणि बीडचा दावा

१/ कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ‘बीजगणित’ या भागात हा प्रश्न येतो.

२/ शेजारच्या संख्या सोप्या आहेत. ६० साठी उत्तर ४, कारण ६० × १६ + १ = ३१ चा वर्ग. ६२ साठी ८, कारण ६२ × ६४ + १ = ६३ चा वर्ग. मधल्या ६१ या मूळसंख्येचे सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० आहे, आणि मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा.

३/ एकेक संख्या तपासून येथवर पोचणे अशक्यच. भास्कराचार्यांनी वापरली ती ‘चक्रवाल’ रीत. ही रीत त्यांच्याआधी जयदेवांना ज्ञात होती. तिचा पाया ब्रह्मगुप्तांची ‘भावना’. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने अधिक आहे, येथून आरंभ होतो. पुढच्याच पायरीवर ३९ आणि ५ मिळतात : १५२१ − ६१ × २५ = −४. भावनेने यांचा संयोग करत गेल्यावर २९७१८ आणि ३८०५ येतात. येथे बाकी −१ उरते. या जोडीचा स्वतःशीच संयोग केला की +१, आणि कोडे सुटते.

४/ वाटेत आलेला हा −१ योगायोग नव्हे. ४ ने भागल्यावर १ उरणाऱ्या प्रत्येक मूळसंख्येला असा −१ मिळतोच. ३ उरत असल्यास कधीच मिळत नाही. मात्र केवळ मूळसंख्या असल्याने उत्तर मोठे होत नाही : ३७ साठी ते अवघे १२ आहे.

५/ इ.स. १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने हेच ६१ चे कोडे फ्रेनिकलपुढे ठेवले. भारतात ते पाचशे वर्षांपूर्वी सुटले होते, याची युरोपला कल्पना नव्हती. कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर आले १८१७ मध्ये.

६/ हा गणिती मूळचा कुठला? स्वतः भास्कराचार्य जन्मशक १०३६ सांगतात आणि सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेल्या ‘विज्जडविड’ नगराचा उल्लेख करतात. नामसाम्यावरून काही अभ्यासक ते आजचे बीड मानतात. बालाघाटाची रांग सह्याद्रीचीच शाखा, हेही त्या मताला अनुकूल. इतरांचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणला आहे.

७/ पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. यातून पाटणशी घराण्याचा संबंध सिद्ध होतो, जन्मस्थान नव्हे. नामसाम्यानेही बीडचा दावा सिद्ध होत नाही.

८/ म्हणून ‘भास्कराचार्य बीडचे’ असे ठामपणे लिहिण्याआधी ‘एका मतानुसार’ हे दोन शब्द जोडावेत. ६१ चे उत्तर कोणालाही गुणाकार करून पडताळता येते; विज्जडविडचे स्थान ठरवायला अजून पुरावा हवा.