लेक व्ह्यूच्या खाली

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आई-बाबांना घेऊन पुण्यातल्या एका गृहप्रदर्शनाला गेलो. मी मारुंजीत भाड्याने राहतो. ऑफिस हिंजवडीत, म्हणजे अंतर चार-पाच किलोमीटर आणि ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या फंडातले थोडे पैसे आणि माझं वीस वर्षांचं कर्ज मिळून मारुंजीतच टू बीएचके घ्यायचा, असा आमचा बेत होता.

मांडवात एसी होता, फुकट कॉफी होती, पॉपकॉर्न होते. एका स्टॉलवर तर अख्खी बोट ठेवली होती. खरीखुरी, आत केशरी लाइफ जॅकेट टांगलेली. मुळशी तलावाकाठच्या सेकंड होमच्या प्लॉटची ती जाहिरात होती. पोरं बोटीत बसून सेल्फी काढत होती.

बाबांनी पोस्टरवरच्या निळ्या पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"मुळशी डॅमचं, काका. हंड्रेड पर्सेंट लेक व्ह्यू."

"आणि खाली काय होतं?"

"खाली म्हणजे?" त्या पोराला प्रश्नच कळला नाही. मला कळला. बाबांचं गाव करमाळा तालुक्यातलं, उजनीत गेलेलं. तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते.

त्या दिवसापासून दोन गोष्टी वाचत बसलो. घर प्रदर्शनात मांडायची सुरुवात कुठे झाली ही एक, आणि त्या पोस्टरवरच्या पाण्याखाली काय आहे ही दुसरी.

पहिलीचं उत्तर लंडनमध्ये सापडतं. 1851 साली हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड महालात जागतिक प्रदर्शन भरलं. सुमारे 60 लाख लोकांनी ते पाहिलं. महालाबाहेर जवळच चार कुटुंबांसाठीचं एक दुमजली नमुना घर बांधलं होतं. आर्किटेक्ट हेन्री रॉबर्ट्स, पाठबळ राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचं. पोकळ विटा, उघडा जिना, आईबापांची आणि मुलांची वेगळी खोली, घरातच संडास. कामगारालाही असं घर मिळू शकतं, हे दाखवण्यासाठी ते होतं. नंतर ते उचलून केनिंग्टन पार्कमध्ये नेलं आणि आजही तिथे उभं आहे. म्हणजे जगातला एक गाजलेला सॅम्पल फ्लॅट गरिबांसाठी होता.

पुढे हेतू बदलला. 1908 मध्ये 'डेली मेल' या वर्तमानपत्राने लंडनच्या ऑलिंपियात 'आयडियल होम' प्रदर्शन सुरू केलं. घर ही मध्यमवर्गाने सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब तिकीट काढून बघायची गोष्ट झाली, आणि पेपरला जाहिराती मिळाल्या.

आपल्याकडे प्रदर्शनाचा रस्ता वेगळा होता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा केल्या गेल्या. त्यांच्या जोडवस्तूंतून मुंबईत संग्रहालय उभं राहिलं, ते आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1888 मध्ये पुण्यातही प्रदर्शन भरलं. 1904 च्या मुंबई काँग्रेस अधिवेशनाला औद्योगिक आणि शेतकी प्रदर्शन जोडलेलं होतं. देश काय बनवू शकतो, हा तेव्हाचा प्रश्न होता. आजच्या मांडवात प्रश्न एकच: तुमचं बजेट किती?

आता पाण्याची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांची जलविद्युत केंद्रं सह्याद्रीच्या पायथ्याशी उभी राहू लागली: 1915 मध्ये खोपोली, 1922 मध्ये भिवपुरी, 1927 मध्ये भिरा. भिऱ्यासाठी मुळा-निळा संगमाजवळ धरण हवं होतं. पूर्वेला पुण्याकडे वाहणारं मुळेचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून कड्यावरून खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर टर्बाइन फिरवायची, अशी ती योजना. इंजिनियर म्हणून वाचताना मला ती देखणी वाटली, हे कबूल करतो.

पण खाली मुळशी पेट्यातली 52 गावं होती आणि भाताची उत्तम जमीन. रीतसर संपादनाआधीच कंपनीने शेतांत चर खणायला सुरुवात केली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिलं. पण मावळ्यांची एकी टिकली नाही. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या आणि सावकारांना लढ्यापेक्षा भरपाईत रस होता. 1924 पर्यंत लढा संपला आणि पाणी चढलं. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

म्हणजे ज्या काठावर बोटिंगसकट प्लॉट विकतात, तो काठ शंभर वर्षांपूर्वी नव्हताच. तिथे उतार होता, आणि खाली लोकांची घरं.

पुन्हा मांडवात येतो. मारुंजीच्या प्रोजेक्टच्या स्टॉलवर "ऑफर फक्त आजची, पन्नास हजार टोकन भरा" सुरू झालं. सॅम्पल फ्लॅटला दारं नव्हती, बेड नेहमीपेक्षा आखूड होता, भिंतीवर आरसा. खोली मोठी दिसणारच. आईने साडीच्या पदराने बेड मोजला. मी जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि कार्पेट एरिया बघितला. बोलण्यातल्या आकड्यापेक्षा तो बराच कमी होता. रेराचा कायदा 2016 चा, त्यामुळे कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक आहे आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पण घाई करू नका, असं कुठलाच कायदा सांगत नाही. ते बाबांनी सांगितलं. टोकन न भरता आम्ही निघालो.

रात्री मारुंजीच्या गॅलरीत बसून बाबा म्हणाले, "त्या बिल्डिंगच्या जागेवर काय होतं, ते बघता येतं का तुझ्या मोबाइलवर?"

येतं. प्रोजेक्टच्या पानावर गट नंबर असतो, आणि सातबारा ऑनलाइन दिसतो. मी उघडला. पिकाच्या रकान्यात एका जुन्या वर्षी भात लिहिलेलं होतं. बाबांनी मोबाइल हातात घेतला, आकडा मोठा करून बघितला.

"इथलं माणूस विकून तरी गेलं," ते म्हणाले. "आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

घर आम्ही अजून घेतलेलं नाही. मे महिन्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. यंदा बाबांना घेऊन तिथे जायचं ठरलंय. प्रदर्शनं त्यानंतर बघू.