वेबसाइट दुकानाची, पण नाव कोणाच्या खात्यात? छोट्या व्यावसायिकांसाठी डोमेन, होस्टिंग आणि ई-मेलची माहिती

जुनी इंदूर : दुकानाचे शटर वर आहे, फोन लागतो, पण बिलावर छापलेला वेबसाइटचा पत्ता टाकला की भलत्याच जाहिराती दिसतात. नाहीतर साइट व्यवस्थित उघडते, पण तिच्या नावाच्या ई-मेलवर येणाऱ्या ऑर्डरी बंद झालेल्या असतात आणि ते आठ दिवसांनी एखादा जुना गिऱ्हाईक फोन करतो तेव्हा कळते. नमकीन, मसाले, कापड, दागिने विकणाऱ्यांपासून मंगल कार्यालय आणि क्लासेस चालवणाऱ्यांपर्यंत कुणाचीही अशी गत होऊ शकते.

कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठची ही शहरातली सर्वांत जुनी वस्ती. इथली दुकाने पिढ्यांची, वेबसाइट मात्र पाच-दहा वर्षांच्या. इंटरनेट या शहराला नवे नाही. हिंदीतले पहिले पोर्टल मानले जाणारे वेबदुनिया १९९९ मध्ये इंदूरमधूनच सुरू झाले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. तरी वेबसाइटचा व्यवहार बहुतेक दुकानांत अजून 'तो मुलगा बघतो' एवढ्यावरच चालतो. अडचण तिथेच आहे. साइट बंद पडण्यात तांत्रिक बिघाड असतात, पण मोठे नुकसान होते ते नाव कोणाच्या खात्यात आहे आणि पैसे कोण भरतो हे माहीत नसल्यामुळे.

तीन वेगळ्या गोष्टी

'वेबसाइट घेतली' असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर तीन गोष्टी घेतलेल्या असतात. डोमेन म्हणजे नाव, जसे अमुक डॉट कॉम किंवा डॉट इन. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर आपल्या नावे नोंदवले जाते. होस्टिंग म्हणजे साइटच्या फायली ठेवायला घेतलेली भाड्याची जागा. आणि त्या नावावरचा ई-मेल ही तिसरी गोष्ट. तो त्याच होस्टिंगवर असेल किंवा संपूर्ण वेगळ्या कंपनीकडे. तिन्हींना जोडते ती डीएनएस नावाची नोंदवही. साइट कुठे आहे आणि टपाल कुठे टाकायचे, हे जगाला त्या नोंदवहीतून कळते.

तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घेतल्या तर स्वस्त पडते, पण एक बुडाले की तिन्ही बुडतात. निदान डोमेन तरी वेगळ्या खात्यात ठेवावे. होस्टिंग खराब निघाले तर दुसरे घेता येते, साइट नव्याने बनवता येते. नाव गेले तर बोर्ड, बिलबुक, खोके, पिशव्या सगळे पुन्हा छापावे लागते.

डोमेन कोणाच्या नावे आहे ते बघणे सोपे आहे. 'हूइज' शोधावर नाव टाकले की नोंदणी कुठे झाली आणि मुदत कधी संपते ते दिसते. मालकाचा तपशील आता बहुतेक वेळा झाकलेला असतो, म्हणून खरी परीक्षा एकच : डोमेनच्या खात्यात दुकानदाराला स्वतःला लॉगइन करता येते का? येत नसेल, तर नाव वापरतो दुकानदार पण ताबा दुसऱ्याचा. साइट बनवणाऱ्याने आपल्याच खात्यातून दहा-वीस गिऱ्हाइकांची डोमेन घेतलेली असतात. त्यात दर वेळी लबाडी असते असे नाही, त्याला ते सोयीचे पडते. पण तो शहर सोडून गेला, धंदा बदलला किंवा त्याच्याशी पैशांवरून वाजले, की दुकानाचे नाव त्याच्या खात्यात अडकते.

आणखी एक गंमत बघा. डोमेनच्या खात्याला ई-मेल म्हणून त्याच डोमेनवरचा पत्ता दिलेला असतो. मुदत संपली की तो ई-मेलही बंद, म्हणजे पासवर्ड बदलण्याचा दुवा कधीच हाती येत नाही. घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावे तसे. या खात्याला नेहमी मालकाचा वेगळा, रोज बघितला जाणारा पत्ता द्यावा. साधा जीमेल चालतो. डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी करताना किंवा मालकाचा तपशील बदलताना खात्रीचा मेल येतो, तो १५ दिवसांत मान्य केला नाही तर डोमेन स्थगित होऊ शकते. साइट कालपर्यंत ठीक आणि मुदतही बाकी, तरी अचानक बंद, असे झाल्यास हे आधी तपासावे.

मुदत संपते कशी

'ऑटो रिन्यू चालू आहे' या भरवशावर राहू नये. रिझर्व्ह बँकेचा कार्डावरून आपोआप होणाऱ्या कपातीचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. आधी परवानगी नोंदवलेली नसेल तर कपात होत नाही; शिवाय ठरावीक रकमेवर दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. परदेशी कंपनीकडून डोमेन घेतले असेल तर कार्डावरची कपात नाकारली जाण्याची शक्यता जास्त, आणि तसा मेल येतो तो कोणी न बघणाऱ्या पेटीत. कार्ड बदलले की जुनी परवानगीही जाते. म्हणून डोमेन एकदम तीन किंवा पाच वर्षांसाठी भरून टाकणे आणि तारीख हिशेबाच्या वहीत लिहिणे बरे. पहिल्या वर्षी दर कमी आणि पुढे दुप्पट-तिप्पट, हा प्रकार सर्रास चालतो. घेतानाच नूतनीकरणाचा दर विचारावा.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच गेले असे नाही. डॉट कॉममध्ये आधी काही दिवसांची सवलत असते, ती कंपनीनुसार कमी-जास्त होते. त्यानंतर ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ, त्यात नाव परत मिळते पण दंड जबर. शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, मग नाव कोणालाही खुले. काही कंपन्या त्याआधीच नाव लिलावात काढतात. विसर मोठ्यांनाही पडतो : १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायचे राहून गेले आणि हॉटमेलमध्ये लोकांना शिरता येईना; शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ३५ डॉलर भरले.

साइट बदलली आणि मेल गेला

ई-मेलची सर्वाधिक घडणारी अडचण ही, आणि तिच्यात दोष कोणाचाच नसतो असेही वाटते. दुकानदार नवी साइट बनवून घेतो. बनवणारा डोमेनचे 'नेमसर्व्हर' बदलून नव्या होस्टिंगकडे वळवतो. साइट झकास दिसते, पैसे दिले जातात. पण नेमसर्व्हर बदलला म्हणजे अख्खी नोंदवहीच बदलली. मेल कुठे द्यायचा हे सांगणारी 'एमएक्स' नोंद जुन्या वहीत होती, नव्या वहीत ती कोणी लिहिलीच नाही. मग बाहेरून येणारे मेल नव्या होस्टिंगवरच्या रिकाम्या पेटीत पडतात किंवा परत जातात. दुकानातल्या संगणकावर जुने मेल दिसतच असतात, त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही.

उपाय साधा आहे. साइट हलवण्याआधी जुन्या डीएनएसच्या सगळ्या नोंदींचे फोटो काढून ठेवावेत. शक्य असेल तर नेमसर्व्हर बदलूच नये, फक्त साइटची 'ए' नोंद बदलावी; मेलला हात लागत नाही. बदल सगळीकडे पोहोचायला काही मिनिटांपासून एक-दोन दिवस लागतात, म्हणून हे काम दिवाळीच्या तोंडावर काढू नये. आणि जुने होस्टिंग लगेच बंद करू नये. तिथे राहिलेले मेल उतरवून घेतले नाहीत तर ते कायमचे जातात.

दुसरी तक्रार : आपला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. मेल खरोखर त्याच डोमेनकडून आला हे सिद्ध करणाऱ्या एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी नोंद आता प्रत्येक पाठवणाऱ्याला हवी. दिवसाला जीमेलवर ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना या दोन्ही आणि शिवाय डीमार्क. छोट्या दुकानानेही तिन्ही लावून घ्याव्यात, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. एसपीएफमध्ये एक चूक हमखास होते. मेल एका कंपनीचा, बिले पाठवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्याचे, म्हणून एसपीएफच्या दोन नोंदी टाकल्या जातात. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद धरल्या जातात. दोन्ही सेवा एकाच ओळीत लिहाव्या लागतात.

स्वस्त होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइके असतात. त्यातल्या एकाने फालतू मेलांचा मारा केला की सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि शेजाऱ्याचे मेलही अडतात. उलट, आपणच दिवाळीच्या शुभेच्छा एका दमात हजार जणांना पाठवल्या तर तासाची मर्यादा संपून बिलाचा मेलसुद्धा जात नाही.

मेल परत आला तर त्यातला आकडा वाचावा. ४ ने सुरू होणारा असेल तर अडथळा तात्पुरता, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का. ५५० म्हणजे बहुधा पत्ता चुकीचा किंवा मेल नाकारला. ५५२ म्हणजे समोरची पेटी भरली. पेटी आपली भरत असेल तर कारण बहुतेक वेळा जोडलेली बिले आणि फोटो. जागा साइट आणि मेल मिळून मोजली जाते हे अनेकांना माहीत नसते.

साइट उघडत नाही तेव्हा

आधी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघावे. अडचण दुकानातल्या नेटचीच असू शकते. जाहिरातींचे पान दिसले तर डोमेनची मुदत तपासावी. 'नॉट सिक्युअर' किंवा लाल इशारा आला तर सुरक्षा प्रमाणपत्र संपले. लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रे ९० दिवसांचीच असतात आणि आपोआप नवी व्हायची व्यवस्था कधी कधी अडते. ५०८ आकडा दिसला तर होस्टिंगची ठरलेली मर्यादा ओलांडली आहे. डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश वर्डप्रेसच्या साइटवर दिसतो. होस्टिंगवाल्याला फोन करताना एवढे सांगितले तरी काम निम्मे होते.

बॅकअपबद्दल एकच सांगायचे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचे सगळे गेले. महिन्यातून एकदा साइटची प्रत आपल्या संगणकावर उतरवावी.

फुकट सेवाही कायम नसतात. गूगलच्या दुकान-नोंदीतून बनणाऱ्या एकपानी वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. तो पत्ता कार्डावर छापणारे नव्या नावाच्या शोधाला लागले. नमकीनच्या एका काउंटरला स्वतःची साइट हवीच असे नाही. गूगल नकाशावरची नीट भरलेली नोंद आणि एक जीमेल पुरतो. पण नाव छापायचे ठरवले तर ते स्वतःचे असावे. देवनागरीतले डॉट भारत नाव २०१४ पासून मिळते आणि त्यात मराठीही आहे. बोर्डावर ते छान दिसते, पण देवनागरी ई-मेल पत्ता अजून अनेक ऑनलाइन फॉर्म स्वीकारत नाहीत, म्हणून ते जोडीला घ्यावे.

बिल, कर आणि तंटा

डोमेन-होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असेल तरच त्याची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये असलेल्याला ती नाहीच. साइटवाल्याने स्वतःच्या कार्डाने पैसे भरले की बिल त्याच्या नावे निघते. वजावट जाते ती जाते, पण डोमेन आपले असल्याचा कागदही हातात राहत नाही. परदेशी कंपनीचे बिल असेल तर नोंदणीकृत व्यापाऱ्यावर उलट आकारणीने कर भरायची जबाबदारी येते. सीएला आधी विचारावे.

मेल बंद पडण्याचा फटका ऑर्डरींपुरता नाही. जीएसटी खात्याला तोच पत्ता दिलेला असेल तर नोटिसाही तिथेच जातात. स्वतःच्या साइटवरून माल विकणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात. तक्रारीचा पत्ता मेलेला असेल तर हे तास मोजायला सुरुवात झाल्याचेही कळत नाही. ई-मेल दुसऱ्याच्या हाती गेला तर आणखी वाईट : आपल्याच पत्त्यावरून गिऱ्हाइकाला 'बँक खाते बदलले आहे' असे कळवून पैसे वळवले जातात. अशा वेळी बँकेला आणि १९३० या क्रमांकाला लगेच कळवावे, उशीर झाला की रक्कम थांबवणे कठीण होते. खाते बदलल्याचा मेल आला तर आधी जुन्या नंबरवर फोन करून विचारावे.

डोमेन अडवून धरले तर आधी लेखी मागणी करावी. डॉट कॉमच्या नोंदणीत मालक म्हणून आपलेच नाव असेल तर दुसरीकडे नेण्याचा संकेतांक मागितल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. नाव दुसऱ्याच्या नावे असेल तर वाट लांबची. डोमेनलाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्ये सांगितले. त्याआधी १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन वापरायला मनाई केली होती. डॉट इनच्या तंट्यांसाठी निक्सी या संस्थेची लवादाची पद्धत आहे. तिथे नावाचा जुना वापर दाखवावा लागतो, आणि जुन्या इंदूरमधल्या दुकानांकडे तो पुरावा भरपूर असतो : गुमास्ता परवाना, जुनी बिलबुके, बोर्डाचे फोटो, व्यापारचिन्हाची नोंदणी असेल तर ती. भागीदारी मोडताना किंवा वाटणी करताना गाळा, फर्निचर आणि फोन नंबरासोबत डोमेन कोणाकडे जाणार ही ओळ करारात घालावी, आणि सही होण्याआधी खात्याचा ई-मेल व पासवर्ड बदलून घ्यावा.