म्युस्कादे

म्युस्कादे : फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नदी जिथे अटलांटिक महासागराला मिळते, तिथल्या नांत शहराच्या आसपास होणारी ड्राय व्हाइट वाइन. रंग फिकट पिवळा, कधी हिरवट झाक असलेला. वास मंद, हिरव्या सफरचंदाचा व लिंबाच्या सालीचा. चव आंबूस, शेवटी किंचित खारट वाटणारी. अल्कोहोल साधारण १२ टक्के. मस्कत द्राक्षांशी तिचा संबंध नाही.

द्राक्ष व इतिहास : ही वाइन ‘मेलाँ द बुर्गोन्य’ या जातीच्या पांढऱ्या द्राक्षापासून करतात. पिनो व ग्वे ब्लाँ या जुन्या जातींच्या संकरातून हे द्राक्ष आले, म्हणजे जगप्रसिद्ध शार्दनेचे ते सख्खे भावंड, हे १९९९ मध्ये डीएनए चाचणीतून सिद्ध झाले. १७०९ च्या भीषण हिवाळ्यात नांतजवळचे द्राक्षमळे गोठून गेले. पुन्हा लागवड करताना थंडीला दाद न देणाऱ्या मेलाँला पसंती मिळाली. ब्रँडी गाळण्यासाठी सौम्य पांढरी वाइन विकत घेणाऱ्या डच व्यापाऱ्यांनाही हे द्राक्ष सोयीचे होते. सेव्र व मेन या नद्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘म्युस्कादे सेव्र ए मेन’ हा मुख्य पट्टा. त्याला १९३६ मध्ये अधिकृत उत्पत्तिनामांकन मिळाले.

गाळावरची मुरवण : मेलाँचा स्वतःचा सुगंध बेताचा. या वाइनला अंग येते ते मुरवणीतून. आंबवण संपले की मेलेले यीस्ट तळाशी बसते. इतरत्र बऱ्याचदा वाइन लवकरच या गाळावरून काढून घेतात. इथे ती निदान एक हिवाळा तशीच ठेवतात. त्यासाठी आतून काचेच्या फरशा बसवलेल्या जमिनीखालच्या टाक्या या भागात पूर्वापार वापरात आहेत. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यांतली द्रव्ये वाइनमध्ये उतरतात आणि पातळ वाटणाऱ्या वाइनला भरीवपणा व पावासारखा हलका वास येतो. पुढच्या वर्षी मार्चपासून ती गाळावरूनच थेट बाटलीत भरतात. या हाताळणीत कार्बन डाय-ऑक्साइडचा थोडा अंश टिकून राहतो; जिभेच्या टोकाला जाणवणारी बारीक चुणचुण त्याचीच. अशा बाटलीवर ‘स्यूर ली’ असे लिहिलेले असते. क्लिसाँ, गॉर्ज, ल पाले या गावांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइन गाळावर दीड ते दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राहतात. क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची, गॉर्जची गॅब्रो या काळ्या खडकाची. या वाइन दहा वर्षे सहज टिकतात. म्युस्कादे म्हणजे स्वस्त, लगेच संपवायची वाइन हा समज त्यांनी खोटा ठरवला आहे.

जोडीचे पदार्थ : ताजी कच्ची कालवे ही म्युस्कादेची पहिली जोडी. कालवांचा खारटपणा वाइनचा आंबटपणा सौम्य करतो आणि वाइन लिंबाच्या फोडीचे काम करते. ओकचा वास व टॅनिन नसल्यामुळे समुद्राची नाजूक चव झाकली जात नाही. वाइनमध्येच वाफवलेली शिनाणे, उकडलेली कोळंबी, खेकडा, तळलेले लहान मासे हेही तिच्याबरोबर उत्तम लागतात. नदीतल्या पाइक माशाबरोबर ‘बर ब्लाँ’ हा सॉस देण्याची नांतची परंपरा आहे. बारीक चिरलेले शॅलट कांदे व्हिनेगरमध्ये किंवा म्युस्कादेमध्ये आटवून, मंद आचेवर थंड लोण्याचे तुकडे एकेक करत त्यात घोटतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांतजवळ खाणावळ चालवणाऱ्या क्लेमांस लफव्र यांना या सॉसचे श्रेय दिले जाते. वाइनचा आंबटपणा लोण्याचा स्निग्धपणा तोडतो, म्हणून दुसरा घासही पहिल्याइतकाच ताजा लागतो. शेळीच्या दुधाचे ताजे चीजही चालते. गाळावर दीर्घकाळ मुरलेल्या वाइनला मात्र भाजलेली कोंबडी किंवा साय घातलेला मासा पेलतो.

ही वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला द्यावी. बर्फासारखी गार केली तर तिचा मुळातच मंद असलेला वास नाहीसा होतो. तिखट, खोबरे-मसाल्याच्या कोकणी कालवणापुढे तिचा निभाव लागत नाही. मीठ व लिंबू लावून भाजलेला पापलेट किंवा साध्या वाफवलेल्या तिसऱ्या यांच्याशी तिचे चांगले जुळते.